नंबर लागला

"मामा, नंबर लागला!"

2025 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी चहा घेत पेपर चाळत होतो, तर पुण्याहून भाच्याचा फोन. आवाज इतका वर चढलेला, की मला वाटलं म्हाडाच्या सोडतीत घर लागलं. मग कळलं, घर नाही, गाडी. स्कोडा कंपनी ऑक्टाव्हिया आर.एस. नावाची जोरदार पळणारी गाडी पुन्हा भारतात आणणार होती, आणि तीही सगळ्या देशात मिळून फक्त शंभर. 6 ऑक्टोबरला बुकिंग सुरू झालं आणि किंमत जाहीर व्हायच्या आत गाड्या संपल्यासुद्धा! किंमत कळली 17 तारखेला : 49 लाख 99 हजार.

मी विचारलं, "पाहिलीस का गाडी?"

"फोटो पाहिलेत."

"चालवून पाहिलीस?"

"मामा, ती अजून देशात आलेली नाहीये."

आता बोला. आमच्याकडे मुलगी दाखवल्याशिवाय लग्नं ठरायची बंद झाली त्यालाही जमाना लोटला, आणि इथे न पाहिलेल्या, न चालवलेल्या, किंमतही ठाऊक नसलेल्या गाडीसाठी लोकांनी पैसे भरले होते. शून्यापासून शंभरच्या वेगाला 6.4 सेकंदांत पोचते, ताशी 250 किलोमीटरपर्यंत जाते, असं त्याने मला दोनदा सांगितलं. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये ती काय करते, हा प्रश्न मी मामा असल्यामुळे गिळला.

पण फोन ठेवला तरी ते दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. नंबर लागला. आमच्या घरात गाडीच्या बाबतीत हे शब्द याआधी एकदाच उच्चारले गेले होते, 1980 साली. ते उच्चारणारे अण्णा आज नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीतलं पोस्टाचं पासबुक मात्र माझ्याकडे आहे. म्हटलं, लिहून काढू. नातेवाईक मंडळी वाचतात, त्यातल्या धाकट्यांना तरी कळेल की वाट पाहणं म्हणजे काय असायचं.

वाट काही सामान्य माणसालाच पाहावी लागते असं नाही, राजांनाही लागायची. आमच्या जिल्ह्याला 2024 पासून ज्यांचं नाव मिळालं त्या अहिल्यादेवी इथल्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. (आम्ही जुने लोक बोलताना अजून 'नगर' म्हणतो, त्याबद्दल क्षमस्व. जीभ वळायला वेळ लागतो.) त्यांच्या सासरच्या होळकर घराण्यातले इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव 1926 साली गादीवर आले. त्यांना नव्या वस्तूंचा मोठा शौक. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा सजवून घेतला, त्याची चर्चा कलेच्या पुस्तकांत अजून होते. याच महाराजांनी 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एस.जे. ही सुपरचार्जर बसवलेली गाडी मागवली. अशा एस.जे. सगळ्या मिळून छत्तीसच्या आसपास बनल्या. आजच्या भाषेत लिमिटेड एडिशनच. पण कंपनीकडून मिळायची ती नुसती चासी आणि इंजिन. ते धूड इंडियानापोलिसहून बोटीने लंडनला गेलं, तिथे गर्नी नटिंग या कारागिरांच्या पेढीने त्यावर केशरी आणि काळ्या रंगाची बॉडी चढवली. म्हणजे महाराजांनाही दोन खंडांतल्या दोन कारखान्यांच्या सवडीने घ्यावं लागलं. पुढे 1937 मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच बंद पडली.

फरक इतकाच की महाराजांची वाट एका गाडीपुरती होती. ती यायची होती तोवर दाराशी दुसऱ्या उभ्या असणारच.

अण्णांच्या दाराशी सायकल होती.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून. आमचं घर दिल्ली दरवाजाजवळ, भाड्याचं, दोन खोल्यांचं. 1972 साल उजाडलं ते दुष्काळ घेऊन. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की नगर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजून खडी फोडणाऱ्या बायका, पाझर तलावांची कामं आणि वाटली जाणारी सुकडी उभी राहते. या कामांवरचे हजेरीपट तपासायला अण्णांना पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे जावं लागे. एस.टी.ने तालुक्याच्या गावी जायचं, तिथून भाड्याची सायकल काढायची आणि पाच-दहा मैल उन्हात तुडवत कामावर पोचायचं. परतीची एस.टी. चुकली की रात्र शाळेच्या ओसरीवर. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, स्कूटर घ्यायची. शौक म्हणून नव्हे, पाय दुखतात म्हणून.

ठरवलं खरं, पण तेव्हा स्कूटर 'घेता' येत नसे. तिच्यासाठी नाव नोंदवावं लागे. आजच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोणी किती माल बनवायचा ते सरकार परवान्यात लिहून देत असे. 1951 च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने हे अधिकार सरकारकडे आले होते. जास्त बनवलं तर शाबासकी नाही, गुन्हा. देशात मोटारी बनवणाऱ्या मुख्य कंपन्या तीन : कलकत्त्याकडची अँबॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपल्या मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरची फियाट. स्कूटरचंही तसंच. मुंबईच्या ए.पी.आय.ची लॅम्ब्रेटा आणि आकुर्डीच्या बजाजची व्हेस्पा. बजाजचा इटलीच्या पियाज्जोशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये स्वतःच्या नावाची चेतक आली. पुढे 1975 मध्ये साताऱ्याला सरकारी महामंडळाच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स निघाली, तिची प्रिया. मागणी मात्र या सगळ्यांच्या कितीतरी पुढे. चेतकसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबले.

विक्री कशी करायची यालाही सरकारी हुकूम होते, मोटारींसाठी 1959 चा आणि स्कूटरसाठी 1960 चा. यादीप्रमाणे, नंबराप्रमाणे. सरकारी नोकरांसाठी वेगळा कोटा, आणि परदेशातून कोणी डॉलर पाठवले तर त्या स्कूटरची रांगच वेगळी, फार छोटी. आमचं परदेशात कोणी नव्हतं. आमची सगळ्यात लांबची माणसं मालेगावला.

अण्णांनी पोस्टात खातं काढलं, त्यात अडीचशे रुपये भरले आणि पासबुक डीलरच्या नावे तारण करून दिलं. तेव्हा त्यांचा महिन्याचा पगार हातात तीनशेच्या आतच यायचा. म्हणजे जवळजवळ एका महिन्याचा पगार देऊन त्यांनी विकत घेतला तो एक आकडा. मी तेव्हा दोन वर्षांचा. ताई माझ्याहून पुष्कळ मोठी, तेरा वर्षांची.

गंमत बघा, ज्या 1972 मध्ये अण्णांनी नाव नोंदवलं त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची लूना बाजारात आली. हे फिरोदिया मूळचे आमच्या नगरचे, आणि दौंड रोडवरचा कायनेटिकचा कारखाना नगरच्या दोन पिढ्यांनी पाहिलाय. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं पुढे तिथे चिकटली. पण अण्णांच्या मनात स्कूटरच. लूनावर मागे आई, पुढे मी आणि हँडलला पिशव्या, असं कसं चालायचं?

मग सुरू झाली वाट. दर दिवाळीला अण्णा डीलरकडे जाऊन यायचे. "किती पुढे सरकलो?" असं विचारायचे आणि घरी येऊन आकडा सांगायचे. मला पाढे यायच्या आधी आमचा नंबर पाठ होता. शेजारी कोणाची स्कूटर आली की अण्णा पेढा घेऊन यायचे, आणि मागाहून हिशोब करायचे की त्यांचा नंबर कोणता होता. स्कूटर चालवायला ते एका सहकाऱ्याच्या गाडीवर शिकले होते. आईने तर झाकायला जुन्या लुगड्याचं कव्हरही शिवून ठेवलं होतं, 1975 मध्ये! ते ट्रंकेत पाच वर्षं पडून होतं.

1980 च्या एप्रिलात पोस्टकार्ड आलं. अण्णा दारातूनच म्हणाले, "नंबर लागला."

मला आठवतं ते असं. अण्णा आणि मी डीलरकडे गेलो. निळी चेतक. तिथून माळीवाड्याला विशाल गणपतीपुढे नारळ फोडला, हार घातला, आणि मी मागे बसून दिल्ली दरवाजापर्यंत आलो. दीड-दोन किलोमीटर असेल. अण्णांनी वाटेत कोणालाही हात केला नाही, इतके ते दोन्ही हातांनी हँडल धरून होते. रात्री स्कूटर अंगणात होती. आईने लुगड्याचं कव्हर घातलं. मी तीनदा उठून पाहून आलो.

सकाळी शाळेत गेलो, परत आलो तर अंगण रिकामं.

"दुरुस्तीला नेली," अण्णा म्हणाले. "नव्या गाडीत एक बारीकसा फॉल्ट होता."

मी दहा वर्षांचा होतो. मी विश्वास ठेवला. मे महिन्यात ताईचं लग्न झालं, त्या गडबडीतही मी मांडवात येणाऱ्या प्रत्येक स्कूटरकडे बघत होतो. पावसाळा गेला. दिवाळीत विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "पार्ट मिळत नाहीये." त्यानंतर मी विचारायचं सोडलं. मुलांना कळतं, कुठे विचारायचं थांबवायचं ते.

खरी हकीकत आईने सांगितली, मी कॉलेजात गेल्यावर. ताईचं लग्न ठरलं होतं, पतपेढीचं कर्ज काढूनही चार हजार कमी पडत होते. आडते बाजारातल्या एका व्यापाऱ्याने निरोप धाडला : स्कूटर तुमच्या नावावर उचला, किंमत मी भरतो, वर चार हजार देतो. हे तेव्हा सर्रास चाले, त्याला 'ऑन' म्हणत. नंबर हीच एक मालमत्ता झाली होती, सोन्याच्या बांगडीसारखी, अडीनडीला मोडायची. पण नियमाप्रमाणे अशी विक्री चालत नसे, आणि आमचे अण्णा हजेरीपटावर एक खोटा अंगठा दिसला तर मुकादमाला उभा-आडवा घेणारे. त्या माणसाने ट्रान्सफरच्या कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. एक रात्र स्कूटर घरी ठेवायची, एवढी एकच अट त्यांनी व्यापाऱ्याला घातली होती.

आठ वर्षांची वाट, चार हजार रुपये आणि एक रात्र.

खरं सांगायचं तर मला अण्णांचा राग नाही आला. राग आला ताईचा. तिच्या लग्नामुळे आमची स्कूटर गेली, असा तो साधा, पोरकट राग होता, आणि तो पोरकट आहे हे कळूनही पुरता गेला नाही. तिच्या घरी पहिली मोटार आली तेव्हा मी पेढा खाल्ला, पण काहीतरी टोचलंच. अण्णांनी पुढे 1984 मध्ये लूना घेतली. ती त्यांनी निवृत्तीपर्यंत चालवली आणि तिच्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मागे आई आणि हँडलला पिशव्या, सगळं बसलं त्यात. मी तेवढा मोठा झालो होतो.

त्यानंतर काळ किती भराभर पालटला! 1983 मध्ये मारुतीचं बुकिंग झालं, दहा हजार भरून लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली, सोडत निघाली, आणि 14 डिसेंबर 1983 ला पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. 1984 मध्ये कायनेटिकने होंडाशी हातमिळवणी करून बटणावर सुरू होणारी स्कूटर आणली. 1991 मध्ये परवाना राज बहुतेक उद्योगांतून उठलं, 1993 मध्ये मोटारींवरूनही. नंबर, कोटा, ऑन हे शब्द बोलण्यातून गळून गेले. दुकानात जा, पैसे भरा, गाडी घेऊन या. ज्या चेतकसाठी लोक दहा वर्षं थांबले तिचं उत्पादन 2000 च्या दशकात कंपनीने थांबवलं. 2020 मध्ये ते नाव परत आलं, विजेवर चालणाऱ्या स्कूटरला.

मग आज पुन्हा ही वाट का, हे मी भाच्याला विचारलं. त्याने नीट समजावलं (तो समजावतो छान). बाहेर बनलेली गाडी भारतात विकायची तर ती आधी इथल्या संस्थांकडून तपासून, मंजूर करून घ्यावी लागते. 2018 मध्ये सरकारने सवलत दिली : ठरावीक परदेशी मानकांत बसणाऱ्या गाड्या एका कंपनीने वर्षाला अडीच हजारांपर्यंत आणल्या तर ही तपासणी नको. त्यामुळे कंपन्या अशा खास गाड्या थोड्या संख्येने, तयार स्वरूपात आणू लागल्या. त्यात शंभरच आणायच्या हे कंपनीने स्वतः ठरवलं.

मला हसू आलं. कारण अशी तपासणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक आमच्याच नगरला आहे, वाहननगरची व्ही.आर.डी.ई., संरक्षण खात्याची. शिवाय हीच ऑक्टाव्हिया अनेक वर्षं शेजारच्या संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जायची. 2001 मध्ये तो कारखाना सुरू झाल्यापासून नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबच लांब ट्रेलर नेवासे फाटा, घोडेगाव करत नगरवरून पुण्याकडे जाताना आम्ही पाहत आलोय. म्हणजे भाच्याच्या गाडीची सगळी भावंडं आमच्या दारावरून गेली. ही एकटी मात्र बोटीतून थेट येणार, नगरला न विचारता!

विनोद सोडा. अण्णांच्या वेळी आकडा सरकार ठरवायचं आणि त्यामुळे माणसं गरजेच्या वस्तूवाचून तिष्ठत राहायची. आता आकडा विकणारा ठरवतो, आणि तो कमी आहे म्हणूनच माणसं धावतात. भाच्याच्या दारात आज एक चांगली गाडी उभी आहे, तो रोज तिने ऑफिसला जातो. त्याची वाट ही हौसेची वाट आहे. हौसेला मी नावं ठेवत नाही, माणसाने कमावलंय, करावी. पण दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे, याचं मला नवल वाटत राहिलं. एका वाटेत माणूस मोठा होत जातो तसा आनंद वाढतो. दुसऱ्या वाटेत पाठ दुखत जाते, पोरं मोठी होतात, आणि वस्तू दारात येते तोवर तिचा उपयोग दुसऱ्याच कशासाठी तरी करावा लागतो.

ताईला गाडी पाडव्याला हवी होती. दिवाळीतला पाडवा, साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. पण गाड्या 6 नोव्हेंबरपासून मिळणार होत्या. ताईचा हिरमोड झाला. भाऊबीजेला, 23 ऑक्टोबरला, मी पुण्याला गेलो तेव्हा जाताना ते पासबुक खिशात टाकलं होतं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. ओवाळून झाल्यावर, पोरं बाहेर गेल्यावर, मी ते ताईपुढे ठेवलं. वाटलं, तिला ठाऊक नसेल.

तिने चष्मा लावून पाहिलं, आणि म्हणाली, "निळी होती ना? तो व्यापारी आमच्या नणंदेच्या गल्लीत राहायचा. लग्नानंतर नगरला आले की मला ती स्कूटर दिसायची. नंबर अजून पाठ आहे." आणि तिने तो म्हणून दाखवला. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांनी.

"तुला माहीत होतं?"

"लग्नाआधीच माहीत होतं. मी अण्णांना म्हटलं, लग्न वर्षभर पुढे ढकला, स्कूटर देऊ नका. ते म्हणाले, स्कूटरची वाट बघायची मला सवय झालीय, तुझी व्हायला नको."

मी गप्प बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती वाट मी एकट्याने पाहिली. तिकडे ती माहेरी येताना प्रत्येक वेळी आडते बाजाराचा रस्ता टाळत होती, असं मागाहून म्हणाली. माझ्या मनात काय होतं तेही मी तिला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "ते मला तुझ्या तोंडावर दिसायचं. करंजी घे."

निघताना तिने बजावलं, "त्याला आत्ता सांगू नकोस. गाडीची मजा जाईल त्याची. आजोबांचं ओझं घेऊन बसेल."

म्हणून हे लिहून तयार असूनही ठेवून दिलं होतं. भाचा हा ब्लॉग वाचतो, आणि चुका काढतो. गाडी नोव्हेंबरात आली. मग एका रविवारी तो ती घेऊन नगरला आला, आईला दाखवायला. आई आता अठ्ठ्याऐंशीची. गाडी इतकी बुटकी, की तिला बसवायला आम्हा दोघांना धरावं लागलं. माळीवाड्यापर्यंत गेलो, नारळ फोडला, परत आलो. आईने उतरताना विचारलं, "रात्री अंगणातच ठेवणार ना? काही झाकायला देऊ का?"

भाच्याला वाटलं, आजी धुळीचं म्हणतेय. ताई माझ्याकडे बघत होती. जाताना म्हणाली, "आता लिही."

लिहिलं.